चुकीच्या दारी पडलेले टपाल परत कोणाकडे द्यायचे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

टपाल चुकीच्या घरी पडले, तर ते तिथून उचलून योग्य घरी नेण्याचे काम नेमके कोणाचे, याचे उत्तर सामान्य नागरिकाला कळेल अशा रीतीने कुठेही लिहिलेले आढळत नाही आणि या एका उणिवेपायी अनेकांची महत्त्वाची कामे अडतात. टपाल उशिरा मिळण्याच्या तक्रारी आपल्या सदरात अधूनमधून प्रसिद्ध होतात. परंतु पत्र वेळेवर निघून, वेळेवर येऊनही भलत्याच दारी गेले तर पुढे काय, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून काम करताना हा विषय मी फार जवळून पाहिला आहे आणि त्याचे सारे खापर पोस्टमनवर फोडून भागणार नाही असे माझे ठाम मत झाले आहे, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

घरगुती पत्रव्यवहार मोबाइलवर गेल्यापासून टपालाला महत्त्व उरले नाही असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. पूर्वी ख्यालीखुशालीचे पोस्टकार्ड शेजारच्या आळीत गेले, तरी दोन दिवसांनी कोणीतरी ते आणून देई आणि फारसे काही बिघडत नसे. आज टपालाने जे येते, ते बहुतेक कागद असे असतात की ज्यांना मुदत आहे किंवा ज्यांची दुसरी प्रत मिळवणे कष्टाचे आहे: पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, बँकेचे डेबिट कार्ड आणि चेकबुक, विम्याची पॉलिसी, मुलाखतीचे पत्र, वकिलाची नोटीस, न्यायालयाचे समन्स. गावाकडे जमीन असलेल्यांना तर याची झळ अधिकच बसते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून लगतच्या खातेदारांना जाणारी मोजणीची नोटीस दुसऱ्याच्या हाती पडली, तर मोजणीच्या दिवशी बांधावर आपले म्हणणे मांडायला कोणी नसते; फेरफाराची नोटीस हुकली, तर हरकत घेण्याची १५ दिवसांची मुदत निघून जाते आणि मग प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाचे हेलपाटे घालावे लागतात. नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात राहणारी आणि महसुली दप्तरात मात्र गावचा जुना पत्ता असलेली कितीतरी कुटुंबे महाराष्ट्रात आहेत, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे.

पत्त्यांचा घोळ ही काही आजची गोष्ट नव्हे. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांत व लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि अपुरे तपशील यांतून वाट काढण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिन कोड सुरू झाला. दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती रचना केली, याचा मराठी माणसाला रास्त अभिमान वाटावा. सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिल्या तीन अंकांवरून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक थेट बटवडा करणाऱ्या पोस्टापर्यंत नेतात. रायगड जिल्ह्यातील कर्जतचा पिन ४१०२०१ आहे, तर अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतचा ४१४४०२. नाशिक जिल्ह्यातील मालेगावचा ४२३२०३, तर वाशीम जिल्ह्यातील मालेगावचा ४४४५०३. रत्नागिरी जिल्ह्यातील खेडचा ४१५७०९, तर पुणे जिल्ह्यातील खेडचा, म्हणजे राजगुरुनगरचा, ४१०५०५. गावाच्या नावापुढे हा आकडा नीट लिहिलेला असला की पत्र शेकडो किलोमीटर भरकटत नाही. जिल्ह्याचे नाव तेवढी हमी देऊ शकत नाही, कारण टपालाच्या हद्दी महसुली हद्दींबरहुकूम चालतातच असे नाही. बीड जिल्ह्यातील आष्टीचा पिन ४१४२०३ असा, म्हणजे अहिल्यानगरच्या ४१४ या अंकांनी सुरू होणारा आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी तेथील टपाल बिनचूक पोहोचत राहिले, याचे श्रेय या न बदललेल्या सहा अंकांना आहे. मुंबई-पुण्यात अजूनही पुष्कळ जण ‘पुणे ३०’ किंवा ‘मुंबई २८’ एवढेच लिहितात. हाताने वर्गवारी होत असताना ते चालून गेले, पण आता पूर्ण सहा अंक लिहिण्याला पर्याय नाही.

मात्र पिन कोड पत्राला फक्त पोस्टापर्यंत आणून सोडतो. तिथून घराच्या दारापर्यंतची वाट पोस्टमनला पाठ असावी लागते, आणि आपल्या शहरांत नेमकी तीच वाट सर्वांत वेगाने बदलते आहे. माझ्या अनुभवात बहुतेक चुका याच शेवटच्या टप्प्यात होतात. साईकृपा, गुरुकृपा, शिवकृपा, श्रमसाफल्य ही नावे एकेका पिनच्या हद्दीत अनेक इमारतींना असतात. कोणी प्लॉट नंबर लिहितो, कोणी सर्व्हे नंबर, कोणी सिटी सर्व्हे नंबर, आणि हे तिन्ही आकडे वेगवेगळे असतात. इमारतीवर नाव असते ते एक आणि संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असते ते दुसरेच. नेहमीचा पोस्टमन रजेवर गेला आणि बदलीवर नवा माणूस आला की या सगळ्या घोळाचा भार एकदम त्याच्यावर पडतो. ज्या माणसाला हा भाग काल-परवा दाखवला गेला, त्याने दोन साईकृपांतील फरक ओळखावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

पुनर्विकासाने या गोंधळात जी भर घातली आहे, तिच्याकडे अद्याप कोणाचे नीट लक्ष गेलेले नाही. जुनी तीन-चार मजली इमारत पाडली जाते, सभासद भाड्याच्या घरांत पांगतात आणि निदान दोन-तीन वर्षे तरी त्यांचा टपालाचा पत्ता म्हणजे भोवती लोखंडी पत्रे ठोकलेले बांधकाम असते. बँक, विमा कंपनी, पारपत्र कार्यालय, आयकर खाते यांच्याकडे तो जुनाच पत्ता राहतो. या काळात आलेले टपाल साइटवरचा सुरक्षारक्षक घेतो, किंवा ते ‘घर सोडून गेले’ अशा शेऱ्याने परत जाते. पुढे नवी इमारत उभी राहते तेव्हा जुना ७ नंबरचा फ्लॅट ३०२ झालेला असतो, पूर्वी नसलेल्या विंग आलेल्या असतात, विक्रीसाठी बांधलेल्या मजल्यांवर संपूर्णपणे नवी माणसे राहायला आलेली असतात, आणि जुन्या ७ नंबरच्या नावाने आलेले पत्र कोणत्या पेटीत टाकायचे हे पोस्टमनला सांगणारा कोणताही कागद उपलब्ध नसतो. महापालिका भोगवटा प्रमाणपत्र देताना पाण्याचे, लिफ्टचे, अग्निशमनाचे दाखले तपासते. त्याच वेळी जुन्या-नव्या घरक्रमांकांचा तक्ता तयार करून तो त्या भागाच्या पोस्टाला द्यावा असे बंधन विकासकावर व संस्थेवर घालायला काय हरकत आहे? त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही आणि शेकडो कुटुंबांचा पुढच्या अनेक वर्षांचा त्रास वाचतो.

यातून किती नुकसान होऊ शकते याचे एक उदाहरण देतो. आमच्या परिसरात एकाच नावाच्या दोन संस्था आहेत, एक मुख्य रस्त्यालगत आणि दुसरी मागच्या वसाहतीत. मागच्या संस्थेत राहणाऱ्या एका तरुणीचे मुलाखतीचे पत्र पुढच्या संस्थेत आले, सुरक्षारक्षकाने सही करून ते घेतले आणि ज्या फ्लॅटचा क्रमांक त्यावर होता तेथील भाडेकरू बाहेरगावी असल्याने ते तळमजल्यावरच्या फळीवर पडून राहिले. तिने संकेतस्थळावर पाहिले तेव्हा टपालाचा बटवडा झाल्याची नोंद दिसली. पोस्टात चौकशी केली तेव्हा सहीचा पुरावा दाखवण्यात आला. पत्र हाती आले तोवर मुलाखतीची तारीख उलटली होती, आणि बोलावणाऱ्या संस्थेनेही नोंदीकडे बोट दाखवून नवी तारीख देण्यास नकार दिला. या सर्व प्रकारात कोणीही खोटे बोललेले नव्हते, कोणीही काही लपवलेले नव्हते, तरीही एका मुलीची संधी गेली आणि तिने दाद मागायची कोणाकडे हे तिला कोणी सांगू शकले नाही.

‘बटवडा झाला’ या नोंदीला आपल्या कायद्यात किती वजन आहे, याची अनेकांना कल्पना नसते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ नुसार योग्य पत्ता लिहून, पूर्ण टपालखर्च भरून रजिस्टर टपालाने पाठवलेला कागद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, नेहमीच्या वेळेत पोहोचला असेच गृहीत धरले जाते. चेक न वटल्याच्या प्रकरणांत नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची सवलत असते. नोटीसच मिळाली नाही असे म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न्यायालयात भरावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी प्रकरणात दाखवला. तो दिलासा योग्यच आहे, पण तो त्या एका प्रकारापुरता. इतर बाबतींत आपल्याला कागद मिळालाच नव्हता हे सिद्ध करण्याचा भार, ज्याने तो कागद कधी पाहिलाही नाही अशा माणसाच्या डोक्यावर येतो. म्हणून चुकीचा बटवडा झाल्याची अधिकृत नोंद होणे ही सोयीची बाब नसून न्यायाची बाब आहे, असे मी मानतो.

या संदर्भात कायद्यात अलीकडे झालेला बदल वाचकांच्या नजरेस आणणे मला आवश्यक वाटते. १८९८ च्या जुन्या टपाल कायद्यात कलम ६८ होते. दुसऱ्याला मिळायला हवे असलेले टपाल जाणूनबुजून दडवणे, ठेवून घेणे किंवा पोस्टाच्या अधिकाऱ्याने मागितल्यावरही परत न करणे हा त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. १८ जून २०२४ पासून त्या कायद्याची जागा टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ ने घेतली. नवा कायदा आटोपशीर आहे आणि जुन्यातील शिक्षांची कलमे त्यात घेतलेली नाहीत. लहानसहान गोष्टींसाठी तुरुंगाची भीती घालू नये हे धोरण मला मान्य आहे, आणि दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे लाटणे हा सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली गुन्हा आहेच. परंतु शिक्षेबरोबर कर्तव्याचा उल्लेखही पुसला गेला, ही गोष्ट मला खटकते. चुकून आलेले टपाल परत करणे हे आपले कायदेशीर कर्तव्य आहे असे पूर्वी एखाद्या गृहनिर्माण संस्थेला कलमाचा आधार देऊन सांगता येत होते. आज तसे सांगता येत नाही. दुसरीकडे, विहित केलेल्या मर्यादेपलीकडे टपाल खात्यावर कोणतेही दायित्व येत नाही आणि कर्मचाऱ्याने कपटाने किंवा हेतुपुरस्सर केल्याखेरीज चुकीच्या बटवड्याबद्दल तो वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरत नाही, हे जुन्या कायद्यातील संरक्षण नव्या कायद्याच्या कलम १० मध्ये कायम आहे. केंद्र सरकारला या कायद्याखाली नियम करण्याचे अधिकार आहेत. त्या नियमांत दोन ओळींची भर घालून चुकीचे टपाल परत करण्याची नागरिकाची जबाबदारी आणि ते पावती देऊन स्वीकारण्याची पोस्टाची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लिहून टाकता येतील.

पावतीचा आग्रह मी का धरतो आहे, तेही सांगतो. आमच्या संस्थेत चुकून आलेली पाकिटे गोळा करून मी एका पोस्टाच्या खिडकीवर नेली, तेव्हा साधी पत्रे पेटीत टाका आणि स्पीड पोस्टची पाकिटे पोस्टमनलाच परत द्या, आमच्या नोंदीत ती पोहोचलेली आहेत, असे मला सांगण्यात आले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचा त्यात दोष नव्हता, कारण पोहोचलेली म्हणून बंद झालेली नोंद खिडकीवरून पुन्हा उघडण्याची सोय त्याच्याजवळ नसावी. पण दुसऱ्याचे डेबिट कार्ड असलेले पाकीट मी कोणाच्या हाती, केव्हा दिले, याचा माझ्याजवळ काहीही पुरावा राहिला नाही. पुढेमागे त्या कार्डाचा गैरवापर झाला असता तर चौकशी माझ्यापर्यंत आली असती. प्रामाणिकपणे टपाल परत करणाऱ्याला अशी धाकधूक वाटू लागली, तर लोक ती पाकिटे फळीवर पडू देतात किंवा रद्दीत टाकतात, आणि तसेच घडताना मी पाहतो आहे. त्यात भर म्हणजे अनेक ठिकाणी बटवड्याचे काम जवळच्या लहान पोस्टातून काढून मोठ्या केंद्रात एकत्र केले गेले आहे, त्यामुळे आपल्या भागाचा पोस्टमन नेमका कुठून निघतो हेच रहिवाशांना ठाऊक नसते.

व्यवस्था सुधारेपर्यंत आपल्या हाती जे आहे ते आपण नीट करावे, म्हणून काही गोष्टी अनुभवावरून सांगतो. दुसऱ्याच्या नावाचे पाकीट कधीही उघडू नये, आणि आत काय आहे हे पाहिल्याशिवाय मालक कसा शोधणार अशी सबबही स्वतःला देऊ नये. पाकिटावरचा मूळ पत्ता, पिन किंवा बारकोड खोडू नये. मोकळ्या जागेवर ‘ही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही’ किंवा ‘चुकीच्या पत्त्यावर बटवडा’ असे स्पष्ट अक्षरांत लिहून तारीख घालावी. साधे पत्र पोस्टमनच्या हाती द्यावे किंवा टपालपेटीत टाकावे. पाकिटावर १३ अक्षरांचा क्रमांक असेल, म्हणजे सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरे, मध्ये नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे असतील, तर तो आधी वहीत उतरवून घ्यावा आणि पाकीट पोस्टमास्तरांच्या नावे छोट्या अर्जासोबत देऊन अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. वेगळी पावती मिळत नसली, तरी अर्जावरचा शिक्का नाकारणे कठीण जाते. मालक सापडावा म्हणून पाकिटाचे छायाचित्र दोनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याची जी चाल पडली आहे, ती हेतू चांगला असला तरी मला धोक्याची वाटते, कारण पाकिटावर नाव, पत्ता आणि बहुधा मोबाइल क्रमांकही असतो. फक्त नाव विचारावे, आणि माणूस पुढे आल्यावर बाकीचा तपशील त्याच्याकडून वदवून घ्यावा.

ज्याचे टपाल भलतीकडे गेले आहे, त्याने प्रथम पाठवणाऱ्याकडून तो १३ अक्षरांचा क्रमांक मिळवावा. संकेतस्थळावर बटवडा कोणत्या पोस्टातून, कोणत्या दिवशी झाला हे दिसते. त्याच पोस्टाच्या पोस्टमास्तरांकडे लेखी अर्ज करून पाकीट कोणी, कोणत्या सहीने घेतले याची माहिती मागावी. नुसते ‘टपाल मिळाले नाही’ असे लिहिण्यापेक्षा ‘पोहोचल्याची नोंद आहे, परंतु सही माझी किंवा माझ्या घरातील कोणाची नाही’ असे लिहिल्यास चौकशीला निश्चित दिशा मिळते. टपाल खात्याचा १८०० २६६ ६८६८ हा विनाशुल्क क्रमांक आहे, संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरही दाद मागता येते, आणि तरीही निवारण झाले नाही तर ठरावीक काळाने भरणाऱ्या डाक अदालतीत प्रकरण नेता येते. या अदालतीची सूचना वृत्तपत्रांत छोट्या चौकटीत येते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आपल्या वृत्तपत्राने ती ठळकपणे छापावी अशी माझी विनंती आहे. घर बदलणाऱ्यांनी जुन्या भागाच्या पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज देऊन टपाल नव्या पत्त्यावर वळते करून घ्यावे. ही सोय जुनी आहे आणि पुनर्विकासात घर रिकामे करणाऱ्या प्रत्येक सभासदाने ती वापरायला हवी. संस्थेनेच सर्वांचे अर्ज एकत्र नेऊन दिले तर फारच उत्तम. ही सूचना ठरावीक मुदतीपुरती असते, म्हणून ती वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. आधारच्या पत्रासारखे साध्या टपालाने येणारे कागद मात्र एकदा हरवले की त्यांचा माग लागत नाही, आणि तिथे पत्ता बिनचूक असणे एवढाच काय तो उपाय आहे.

पाठवणाऱ्यांची जबाबदारी याहूनही मोठी आहे. २०२५ मध्ये रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली. रजिस्टर टपाल ज्याच्या नावे असे त्याच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती द्यावे लागे, तर स्पीड पोस्ट पत्त्यावर हजर असलेल्या कोणाच्याही हाती देता येत असे, हा दोहोंतला महत्त्वाचा भेद होता. विलीनीकरणानंतर १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टलाच नोंदणीची जोड देता येते, आणि ती घेतली तर पाकीट संबंधित व्यक्तीलाच दिले जाते. त्यासाठी प्रत्येक वस्तूमागे अवघे पाच रुपये व त्यावरील कर भरावा लागतो. तेवढेच शुल्क भरून ओटीपी सांगितल्यावरच बटवडा व्हावा अशीही सोय घेता येते. मुलाखतीची पत्रे, बँकेची कार्डे, हरकतीची मुदत असलेल्या नोटिसा या गोष्टी पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही जोड घेतलीच पाहिजे, असा नियम शासनाने आपल्या कार्यालयांपुरता तरी तातडीने करावा. पाच रुपये वाचवण्यासाठी एखाद्याची नोकरीची संधी किंवा जमिनीवरचा हक्क सुरक्षारक्षकाच्या सहीवर सोपवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय ‘या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही’ अशा शेऱ्याने पाकीट परत आल्यावर काही संस्था आपल्या दप्तरातला पत्ता तसाच ठेवून त्याच पत्त्यावर पुढले पाकीट पाठवत राहतात. आमच्या इमारतीत वर्षानुवर्षांपूर्वी घर विकून गेलेल्या लोकांच्या नावाची बँकेची पत्रे आजही येतात. परत आलेल्या प्रत्येक पाकिटागणिक खातेदाराशी फोनने किंवा ईमेलने संपर्क साधून पत्ता दुरुस्त करण्याचे बंधन बँकांवर घालायला हवे.

खाजगी कुरिअरच्या बाबतीत परिस्थिती आणखी बिकट आहे. त्यांच्या चुकीच्या बटवड्यावर दाद मागायची तर ग्राहक आयोगाचा रस्ता असतो, पण चुकून आलेले पाकीट परत न्यायला कोणी येतच नाही. टपालपेटीत कुरिअरचे पाकीट टाकता येत नाही आणि त्यावर छापलेला क्रमांक उचलला जात नाही. कुरिअर कंपन्यांनी चुकीचे पाकीट ठरावीक दिवसांत परत उचलून नेलेच पाहिजे, अशी अट कुठल्यातरी यंत्रणेने घालणे आवश्यक आहे.

२०२५ मध्ये टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने डिजिपिन ही दहा अक्षरांची नवी संकेतप्रणाली आणली. देशाची सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनांत विभागणी करून प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र संकेत देण्याची ही कल्पना मोलाची आहे. विखुरलेल्या वाड्या, डोंगरातले पाडे, शेतातली वस्ती यांना आजवर धड पत्ताच नव्हता. कोकणात आणि मेळघाटात तिचा फार उपयोग होईल. शहरातल्या उंच इमारतीत मात्र एकाच चौकोनावर वीस घरे एकावर एक उभी असतात आणि कितव्या मजल्यावर जायचे हे डिजिपिन सांगत नाही. म्हणून दाराबाहेर ठसठशीत घरक्रमांक, तळमजल्यावर कुलूपबंद आणि नाव लिहिलेली पत्रपेटी, आणि मालक व भाडेकरू यांची अद्ययावत यादी या जुन्या गोष्टींची गरज संपलेली नाही. टपाल घेण्याचा अधिकार सुरक्षारक्षकाला असावा की नाही, हे प्रत्येक संस्थेने सर्वसाधारण सभेत ठरवावे. असावा असे ठरले, तर घेतलेल्या पाकिटांची नोंदवही ठेवावी आणि ज्याचे नाव यादीत नाही त्याचे पाकीट सही करून घेऊच नये, अशी स्पष्ट सूचना त्याला द्यावी. आमच्या संस्थेत ही सूचना लागू केल्यापासून फळीवर पडून राहणारी पाकिटे स्पष्टपणे कमी झाली आहेत.

पोस्टमन मंडळींविषयी माझ्या मनात आदर आहे. पावसाळ्यात भिजत, जिने चढत, नावांतले बारकावे लक्षात ठेवत ते जे काम करतात, ते पाहिलेल्या कोणालाही त्यांच्यावर सरसकट दोषारोप करणे शोभणार नाही. चूक होणारच हे गृहीत धरून ती दुरुस्त करण्याची वाट आखून देणे हे वरिष्ठांचे काम आहे, आणि ती वाट आज आखलेली नाही.

माझी मागणी मोजकी आहे. महाराष्ट्र टपाल परिमंडळाच्या, ज्यात गोव्याचाही समावेश होतो, मुख्य पोस्टमास्तर जनरल यांनी बटवडा करणाऱ्या प्रत्येक पोस्टात व केंद्रात चुकीच्या पत्त्यावर गेलेले टपाल स्वीकारण्यासाठी एक खिडकी नेमून द्यावी, तिथे पाकिटाच्या क्रमांकासह पावती मिळावी, आणि त्याच क्षणी संगणकावरील ‘बटवडा झाला’ ही नोंद बदलून ‘चुकीच्या पत्त्यावर बटवडा, पुन्हा पाठवले’ अशी नोंद पाठवणाऱ्याला व ज्याचे टपाल आहे त्याला दिसावी. असे परिपत्रक आधीच निघाले असेल, तर ते प्रत्येक पोस्टाच्या दर्शनी फलकावर मराठीत लावावे आणि आपल्या वृत्तपत्राकडेही प्रसिद्धीसाठी पाठवावे, म्हणजे पाकीट हातात घेऊन खिडकीवर जाणाऱ्याला त्याचा आधार दाखवता येईल.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव,
पुणे